सगळ्यांच्या आधी उठणारा

मोबाईल असो, शेतातल्या मोटरचा स्टार्टर असो की खोडदची दुर्बीण. करंट आल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो एक छोटासा प्रोग्राम : बूटलोडर. तो लिहिणं अवघड आहेच, पण वीस-वीस वर्षं सांभाळणं त्याहून अवघड. हे सांभाळण्याचं काम कोण करतं आणि कोणी करायचं थांबलं तर काय होतं?

मोबाईल स्विच ऑन करा. स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो, काही सेकंद तसाच थांबतो आणि मग आपलं नेहमीचं वॉलपेपर दिसतं. त्या मधल्या सेकंदांत आपण फक्त वैतागतो. फोन मात्र तेव्हा मोठ्या कामात असतो. करंट आला त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती, स्क्रीन कुठे, अँड्रॉइड कुठल्या कप्प्यात ठेवलंय, काही म्हणजे काही नाही. हे सगळं शोधून, जुळवून ऑपरेटिंग सिस्टीमला उठवणारा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर.

जुन्नर-आंबेगावच्या पोरांना हे समजवायला तमाशाचं उदाहरण पुरेल. जत्रांचा सीझन जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. रात्री लोक बघतात तो गण, गवळण, बतावणी आणि वग. पण दुपारीच ट्रकमधून उतरून तंबू ठोकणारे, स्टेज बांधणारे, जनरेटर लावून लाईट-माईक तपासणारे गडी कोणाच्या लक्षात असतात? गण सुरू झाला की ते मागे सरकतात. बूटलोडर म्हणजे हे गडी. त्यांनी खांब चुकीचा रोवला तर पुढचा वग कितीही भारी असो, उभाच राहत नाही.

यातही पायऱ्या असतात. पहिला तुकडा चिपच्या पोटातच कोरलेला असतो, तो बदलता येत नाही. तो दुसऱ्या लहान प्रोग्रामला हाक मारतो. हा दुसरा मुख्य मेमरी, म्हणजे रॅम, चालू करतो. कारण गंमत अशी की सुरुवातीला रॅमसुद्धा झोपलेलीच असते! मग येतो पूर्ण बूटलोडर. तो ऑपरेटिंग सिस्टीम शोधतो, गरज असेल तर ती खरी आहे की कोणी छेडछाड केलेली आहे हे डिजिटल सहीवरून तपासतो, तिला रॅममध्ये आणतो आणि सूत्रं तिच्या हाती देतो. काम संपलं.

खोडदच्या दुर्बिणीतलं झुरळ

या गोष्टीचं एक टोक आपल्या शेजारीच आहे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पुणे विद्यापीठाच्या आवारात असलेली एनसीआरए ही संस्था ती चालवते.

दुर्बीण सुरू झाली तेव्हा ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा रेडिओ पट्टा ऐकू शकायची. २०१० च्या दशकात तिचं मोठं अपग्रेड झालं आणि ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. डिश त्याच, त्याच शेतांच्या कडेला उभ्या. बदललं ते आतलं इलेक्ट्रॉनिक्स.

या नव्या यंत्रणेत एक बोर्ड वापरला गेला. त्याचं नाव ‘रोच’. इंग्रजीत रोच म्हणजे झुरळ. खरं तर ते एका लांबलचक तांत्रिक नावाचं लघुरूप आहे, पण खगोलशास्त्रज्ञांना असले विनोद आवडतात. अमेरिकेत बर्कलीला सुरू झालेला ‘कॅस्पर’ हा गट आणि दक्षिण आफ्रिकेतली दुर्बीण उभारणारं पथक यांनी हा बोर्ड घडवला. डिझाइन खुलं, जगातल्या कुठल्याही दुर्बिणीने वापरावं. डिशकडून आलेल्या लहरींचे आकडे करायचे, त्यांची छोटी-छोटी पाकिटं बांधायची आणि वेगवान नेटवर्कवरून पुढच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची, हे याचं काम.

रोचवर दोन मेंदू असतात. आकड्यांची हमाली करणारी एफपीजीए चिप आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा पॉवरपीसी ४४० घराण्यातला प्रोसेसर. या प्रोसेसरवर लिनक्स चालतं आणि त्या लिनक्सला उठवणारा बूटलोडर आहे यू-बूट. रोचसाठी त्याची २००८ ची आवृत्ती घेऊन त्यात हवे ते बदल केले गेले. म्हणजे आकाशातली एखादी पल्सार कितीही नियमित ठोके देत असली, तरी इथे बोर्डवरचा बूटलोडर उठला नाही तर ते ठोके मोजणार कोण?

पाणबुडीचा मालक कोण?

यू-बूटची कहाणी सुरू होते जर्मनीत. वोल्फगांग डेंक नावाच्या अभियंत्याने पॉवरपीसी चिपच्या ‘८एक्सएक्स’ घराण्यासाठी लिहिलेला एक छोटा बूट प्रोग्राम हाती घेऊन वाढवला. आधी त्याचं नाव होतं पीपीसीबूट. पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या चिपही त्यात आल्या, तेव्हा २००२ मध्ये नाव झालं यू-बूट, म्हणजे सगळ्यांना चालणारा. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी. दिसत नाही, पण खालून काम चालू असतं. नाव एकदम फिट बसलं.

यू-बूट कोणा एका कंपनीचा नाही. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. बदललेला प्रोग्राम यंत्रात घालून विकलात तर ते बदलही ग्राहकाला खुले करायचे, एवढीच मोठी अट. त्यामुळे राऊटर, टीव्ही, गाड्यांतले स्क्रीन, कारखान्यातले कंट्रोलर अशा असंख्य ठिकाणी तो पोचला. २०१२ मध्ये डेंक यांनी मुख्य जबाबदारी टॉम रिनी यांच्याकडे सोपवली. डेंक २०२२ मध्ये गेले. प्रोजेक्ट थांबला नाही, आजही ठरलेल्या वेळापत्रकाने नवी आवृत्ती येते. सुरू करणारा माणूस गेल्यावरही काम चालू राहणं, हीच सांभाळण्याची खरी परीक्षा.

यू-बूटमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल असते. कुठल्या बोर्डची, कुठल्या चिपची जबाबदारी कोणाकडे, ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. नावापुढे एक शेरा असतो : मेंटेन्ड म्हणजे कोणीतरी बघतंय. आणि कोणीच बघत नसेल तर तिथे लिहितात ‘ऑर्फन’. अनाथ.

अनाथ बोर्डांचं काय होतं?

तुम्ही म्हणाल, एकदा लिहिलेला प्रोग्राम आहे, पडून राहू दे की. तो काय खायला मागतोय का? मागतो. आजूबाजूचं जग बदलत असतं. प्रोग्रामचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर बदलतो. सगळ्या बोर्डांसाठीची समान रचना सुधारते. यू-बूटमध्ये हार्डवेअरशी बोलण्याची पद्धतच गेल्या दशकात नव्याने बांधली गेली आणि जुन्या पद्धतीच्या बोर्डांना मुदत दिली गेली. बिल्ड करताना स्क्रीनवर इशारा यायचा की अमुक आवृत्तीच्या आत बदला, नाहीतर बोर्ड काढला जाऊ शकतो. शंभर बोर्डांपैकी एकाचाच मालक गायब असेल, तर बाकीच्या नव्व्याण्णवांचं काम त्याच्यापायी अडतं.

२०१७ मध्ये तेच झालं. पॉवरपीसीची काही जुनी घराणी बरेच दिवस कोणी हातात घेतली नव्हती. ती यू-बूटमधून काढून टाकण्यात आली. त्यात ‘४एक्सएक्स’ घराणं होतं, म्हणजे रोचवरच्या ४४० प्रोसेसरचं. आणि ‘८एक्सएक्स’सुद्धा होतं, ज्याच्यासाठी मुळात हा सगळा प्रपंच सुरू झाला होता!

मग एक भारी गोष्ट घडली. ख्रिस्तोफ लरॉय या फ्रेंच अभियंत्याकडे ८एक्सएक्सवर चालणारी यंत्रं अजून वापरात होती. त्यांनी काढलेला प्रोग्राम परत मिळवला, त्यातला लागणारा भाग साफसूफ करून नव्या पद्धतीत बसवला आणि त्याच वर्षी ८एक्सएक्स यू-बूटमध्ये परत आलं. मेंटेनर म्हणून पुढे त्यांचं नाव लागलं. ४एक्सएक्ससाठी तसं कोणी उभं राहिलं नाही. ते गेलं ते गेलंच.

दोन्ही चिप जुन्या, दोन्ही एकाच खानदानातल्या. फरक पडला तो एका माणसामुळे. ‘हे मी बघतो’ म्हणणाऱ्या.

मग रोच बोर्ड बंद पडले का? नाही. त्यांच्या फ्लॅश चिपमध्ये असलेली प्रत तिथेच राहते, आणि काढून टाकलेला प्रोग्रामही गिटच्या इतिहासात शाबूत असतो. पटसंख्या नाही म्हणून वाडीवरची शाळा बंद झाली तरी तिथे शिकून गेलेल्यांचं शिक्षण जात नाही. पण पुढच्या पोरांना तिथे शिकता येत नाही. तसंच हे. नवी दुरुस्ती, नवी सुरक्षा, नव्या सोयी आता त्या वाटेने येणार नाहीत. ज्याच्याकडे बोर्ड आहे त्यानेच आपलं आपण बघायचं.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

बाकी सॉफ्टवेअर बिघडलं तर बूटलोडर त्याला दुरुस्त करू शकतो. बूटलोडरच बिघडला तर? मग हातात उरते ती वीट. इंजिनिअर लोक खरंच ‘ब्रिक झालं’ म्हणतात. सोल्डरिंग गन, प्रोग्रामर आणि जाणकार माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर भंगार.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. जुन्या प्रोग्रामवर नवा लिहायला काही सेकंद ते काही मिनिटं लागतात. तेवढ्यात लाईट गेली की अर्धा जुना, अर्धा नवा. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये दोन कप्पे ठेवतात. एकात चालू प्रत, दुसऱ्यात नवी. नवी पूर्ण लिहून झाली, तपासून झाली, की मगच तिच्यावर जायचं. यू-बूटमध्ये एक मोजणीही लावता येते. नव्या प्रतीने ठरावीक वेळा प्रयत्न करूनही यंत्र नीट उठलं नाही, तर बूटलोडर स्वतःच जुन्या प्रतीवर परत जातो. अँड्रॉइडमध्ये फोन वापरता वापरता मागे अपडेट होतं, त्यामागेही हीच दोन कप्प्यांची आयडिया आहे.

आता हे शेतात आणून बघा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा जुन्नर वनविभागाचा पट्टा. ऊस आहे, म्हणून बिबट्या आहे. शेतीला थ्री-फेज लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात विहिरीवर जायचं, आणि तेच नको म्हणून दिवसा वीज द्या ही मागणी इथे वर्षानुवर्षं होतेय. अशा वेळी मोबाईल स्टार्टर ही चैन नाही. घरातून कॉल किंवा मेसेज केला की मोटर चालू, आणि माणूस घरात.

त्या डबीत असतो एक मायक्रोकंट्रोलर, एक सिम आणि थोडासा प्रोग्राम. मायक्रोकंट्रोलरचा बूटलोडर यू-बूटच्या मानाने चिमुकला असतो, पण नियम तोच : पहिला तोच उठणार. आता विचारायचे प्रश्न बघा. डबी बनवणारी कंपनी दहा वर्षांनी असेल का? टू-जी नेटवर्क बंद झालं तर हिला नवं शिकवता येईल का? प्रोग्राम बदलायची सोय ठेवलीय की चिप कायमची कुलूपबंद केलीय? मोटर वीस वर्षं टिकते, पाइपलाइन टिकते, विहीर तर आजोबांच्या काळातली असते. मधली डबी पाच वर्षांत अनाथ झाली तर शेतकरी पुन्हा बॅटरी घेऊन अंधारात. स्टार्टर घेताना घरचे किंमत आणि वॉरंटी विचारतात. ‘याचा प्रोग्राम पुढे अपडेट होतो का, आणि कोण करून देतं?’ हा प्रश्न घरातल्या कॉलेजच्या पोराने विचारायचा.

जुनं म्हणजे सुरक्षित नव्हे

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आपला लाडका नियम. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण बूटलोडरमध्ये चूक वर्षानुवर्षं लपून बसू शकते. २०१९ मध्ये संशोधकांना यू-बूटच्या एका भागात एकदम १३ सुरक्षा-त्रुटी सापडल्या. नेटवर्कवरून फाइल आणून यंत्र सुरू करायचा तो भाग होता. त्याच नेटवर्कवर बसलेला एखादा हल्लेखोर खोटं उत्तर पाठवून यंत्राचा ताबा घेऊ शकेल, अशी ती चूक. दुरुस्ती झाली. पण मूळ प्रोजेक्टमध्ये दुरुस्ती होणं वेगळं आणि तुमच्या भिंतीवरच्या राऊटरपर्यंत ती पोचणं वेगळं. मधल्या साखळीत चिपवाला, बोर्डवाला, ब्रँडवाला असे तिघे-चौघे असतात. एकाने जरी हात वर केले की दुरुस्ती तिथेच अडते.

आणखी एक तारीख मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा : १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. अनेक जुन्या प्रोग्राममध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा ३२ बिटांत ठेवतात. त्या क्षणी तो कप्पा भरतो आणि पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचं कॅलेंडर थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातं. तेव्हा आज विशीत असलेले तुम्ही तिशीत असाल, आणि आज बसवलेली कित्येक यंत्रं अजून चालू असतील.

जगही आता जागं होतंय. वीज, रेल्वे, कारखाने यांतल्या यंत्रांसाठी लिनक्सच्या निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षं सांभाळायच्या, यासाठी २०१६ पासून ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा प्रकल्प चालू आहे. सीमेन्स, तोशिबा, हिताची अशा कंपन्या त्यात आल्या. युरोपियन युनियनने डिजिटल वस्तूंसाठी सायबर रेझिलियन्स कायदा केलाय. तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील. त्या बाजारात वस्तू विकायची तर साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा-अपडेट द्यावे लागतील. युरोपला माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्याही त्यात आल्या. याचा साधा अर्थ, जुना कोड वाचून समजून घेणाऱ्या माणसांची गरज वाढणार.

रिझ्युमेत हे दिसत नाही, पण…

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मार्क कशाला मिळतात? नवं काहीतरी बनवायला. लास्ट इयरला चार जण मिळून स्मार्ट इरिगेशन, स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट काठी बनवतात. व्हायवा झाला की बोर्ड कपाटात, कोड कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर. पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात. मागच्या बॅचचा प्रोजेक्ट दुरुस्त करून पुढे नेला म्हणून कोणाचा सत्कार झालेला ऐकलाय?

खोडदची दुर्बीण मात्र नेमकी याच जोरावर जगात टिकून आहे. २००१ ची दुर्बीण आजही कामाची आहे, कारण तिथल्या लोकांनी ती नुसती उभी केली नाही, सांभाळली. एकेक भाग बदलत, चालू असताना बदलत. २०२० मध्ये आयईईई या जागतिक संस्थेने तिला ‘माइलस्टोन’चा मान दिला. २०२३ मध्ये पल्सारच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जगभरातल्या गटांनी जाहीर केलं, त्यातल्या भारतीय गटाची निरीक्षणं याच दुर्बिणीची होती. असल्या कामात वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. वर्षानुवर्षं यंत्र रोज उठलं पाहिजे, तर नोंदी होणार.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जत्रा भरते. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले, जुन्नर-मंचरच्या कॉलेजांतले, शाळांतले विद्यार्थी प्रकल्प मांडतात, डिशखाली फोटो काढायची मात्र पंचाईत, कारण मोबाईल बंद ठेवायचा असतो. यंदा गेलात तर तिथल्या इंजिनिअरना एक प्रश्न विचारा : ‘लाईट जाऊन आल्यावर इथे पहिला प्रोग्राम कुठला उठतो, आणि तो कोण बघतं?’ उत्तर द्यायला त्यांना नक्की आवडेल.

…………

सुरुवात अशी करा

• बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. यू-बूटचा ‘सँडबॉक्स’ लिनक्स लॅपटॉपवर साध्या प्रोग्रामसारखा चालतो. कमांड देऊन बघा, तोडून बघा, काही बिघडत नाही.

• पुढची पायरी ‘क्यूईएमयू’. यात लॅपटॉपच्या आतच खोटा एआरएम बोर्ड उभा राहतो. त्यावर यू-बूट बिल्ड करून उठवा.

• खरं हार्डवेअर हवं असेल तर रास्पबेरी पाय बरा. यू-बूट मेमरी कार्डवर असतो, चुकलं तर कार्ड पुन्हा लिहायचं. सोबत स्वस्तातली यूएसबी-सिरियल केबल घ्या. बूटलोडर बोलतो तो त्याच वायरवर.

• सी भाषा, गिट आणि डेटाशीट वाचायची सवय, एवढं भांडवल पुरतं. डेटाशीट कंटाळवाणी असते, पण उत्तर तिथेच असतं.

• पहिलं योगदान छोटं ठेवा. चुकीची माहिती-पानं दुरुस्त करणं, एखादा बोर्ड नव्या आवृत्तीवर चालतो का ते तपासून कळवणं, हेही कामच आहे.

• ‘मेंटेनर्स’ फाइल उघडा आणि ‘ऑर्फन’ शब्द शोधा. त्यातला एखादा बोर्ड तुमच्या लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेला असेल, तर त्याच्यापुढे नाव लिहायची जागा रिकामी आहे.